पहिल्या काही वर्षांच्या पगारातून साठलेल्या पैशांचे नेमके काय करावे?

सुदामानगरकर (मूळ प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझे वय २४ असून मी इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरील एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. सुदामा नगरात आई, वडील आणि आजी यांच्यासोबत राहत असल्यामुळे मला घरभाडे पडत नाही. हातात येणाऱ्या सुमारे ३२ हजार रुपयांतून घरात द्यायचे पैसे, शैक्षणिक कर्जाचा साडेपाच हजारांचा हप्ता आणि माझा वरखर्च वजा जाता दरमहा बाराएक हजार रुपये शिल्लक राहतात. आजवर बचत खात्यात २ लाख ४० हजार रुपये साठले आहेत. कर्जाचे १ लाख ८० हजार रुपये बाकी असून त्याचा व्याजदर सध्या १०.५ टक्के, बदलता आहे.

या पैशांविषयी घरात प्रत्येकाचे मत निराळे आहे. उज्जैन रस्त्याकडे होऊ घातलेल्या एका कॉलनीत डायरीवर (म्हणजे रजिस्ट्रीपूर्वी, केवळ डायरीतल्या नोंदीवर) प्लॉट घ्यावा असे मामा म्हणतात. सराफ्यात ओळखीच्या दुकानातून सोने घेऊन ठेवावे असे आईचे मत आहे. नात्यातील एक विमा प्रतिनिधी वर्षाला ४० हजार रुपये हप्त्याची वीस वर्षांची पॉलिसी घेऊन दोनदा घरी येऊन गेले आहेत, आणि कार्यालयातील मित्र मात्र शेअर बाजारातील ऑप्शन्समध्ये महिन्याला पगाराइतके पैसे निघतात असे सांगतात. वडील पीथमपूरच्या एका कारखान्यात असून दोन वर्षांनी निवृत्त होतील. ते या विषयावर काहीच बोलत नाहीत. कृपया अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त लेखापाल

प्रश्न व्यवस्थित आकड्यांसह मांडल्याबद्दल अभिनंदन. येथे बहुतेक जण पगार लपवून सल्ला मागतात.

प्रथम एक हिशेब पाहू. दरमहा पाच हजार रुपये तीन वर्षे आवर्ती ठेवीत भरले, तर ६.५ टक्के दराने १ लाख ८० हजारांचे सुमारे १ लाख ९९ हजार होतील. हाच दर साडेसात टक्के धरला, तर २ लाख २ हजारांच्या आसपास रक्कम मिळेल. म्हणजे पूर्ण एक टक्का अधिक व्याज मिळवूनही तीन वर्षांत फरक पडतो तो तीनएक हजारांचा. भांडवल लहान असताना परताव्याच्या दरामागे धावण्यात फारसे हाती लागत नाही, आणि तरीही नेमक्या याच वयात माणसे सर्वाधिक धावतात. तुमच्या बाबतीत या पैशांकडे आधी दुसऱ्या दृष्टीने पाहावे लागेल: येत्या पाच वर्षांत तुमचे शहर, नोकरी, लग्न, पुढील शिक्षण आणि वडिलांचे उत्पन्न, यांपैकी काहीही बदलू शकते. त्यामुळे जी गोष्ट घेतल्यावर परत फिरता येत नाही, किंवा फिरायचे झाल्यास मोठी घट सोसावी लागते, ती आत्ता घेऊ नये. मामांचा प्लॉट आणि वीस वर्षांची पॉलिसी या दोन्ही गोष्टी मी याच कारणासाठी बाजूला ठेवीन. त्या चांगल्या की वाईट हा प्रश्न त्यानंतरचा.

माझी मांडणी अशी. एक लाख रुपये अडीअडचणीसाठी राखावेत. त्यांतले तीस-चाळीस हजार खात्यात राहू द्यावेत आणि उरलेल्या रकमेच्या वीस-वीस हजारांच्या मुदत ठेवी कराव्यात, म्हणजे गरज पडल्यास एकच मोडावी लागेल आणि बाकीच्यांचे व्याज शाबूत राहील. आणखी एक लाख रुपये कर्जात भरावेत. मुदत ठेवीवर मिळणारे साडेसहा टक्के करपात्र असतात, तर कर्जावरचे वाचलेले साडेदहा टक्के हा कोणतीही जोखीम नसलेला लाभ आहे. वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकेला आकारता येत नाही. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरील आयकर सवलत केवळ जुन्या करप्रणालीत मिळते. तुमच्या उत्पन्नावर नव्या प्रणालीत तसाही कर लागत नाही, तेव्हा ‘करासाठी कर्ज ठेवा’ असे कोणी म्हणाल्यास दुर्लक्ष करावे.

ठेव कोठे ठेवावी याविषयीही एक सावधगिरी सांगतो. बँक बुडाल्यास प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे ५ लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण असते (४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ते १ लाख होते). हे संरक्षण सहकारी बँकांनाही आहे, मात्र सहकारी पतसंस्थांना नाही. आपल्या मंडळींत ‘ओळखीची संस्था आहे, एक टक्का जास्त देतात’ म्हणून पतसंस्थेत पैसे ठेवण्याची पद्धत जुनी आहे. पहिली बचत तेथे ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

चक्रवाढ

लेखापाल काकांचा आदर ठेवून असहमती नोंदवतो. तीन वर्षांचा हिशेब खरा असला तरी तरुण माणसाने तीन वर्षांचा हिशेब करावाच का? दरमहा पाच हजार रुपये वार्षिक सरासरी १० टक्क्यांनी तीस वर्षे वाढले, तर १ कोटी १३ लाखांच्या आसपास होतात. पाच वर्षे उशिरा सुरुवात करून पंचवीसच वर्षे भरले, तर ६६ लाख. भरलेल्या रकमेतला फरक केवळ ३ लाखांचा, पण अंतिम रकमेतला ४७ लाखांचा. आधी कर्ज, मग ठेव, मग विमा असे करत बसल्यास हीच पाच वर्षे हातची जातात. शेअर बाजाराच्या निफ्टी ५० या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या इंडेक्स फंडात, तेही डायरेक्ट प्लॅनमध्ये (म्हणजे मध्यस्थाविना), आजच एसआयपी (दरमहा ठरावीक रकमेची गुंतवणूक) सुरू करावी. डायरेक्ट प्लॅन १ जानेवारी २०१३ पासून उपलब्ध असूनही बरेच लोक आजही बँकेतील मुलाच्या सांगण्यावरून रेग्युलर प्लॅन घेतात आणि दरवर्षी त्याचे कमिशन भरत राहतात.

निवृत्त लेखापाल

डायरेक्ट प्लॅनविषयी पूर्ण सहमत. परंतु १ कोटी १३ लाख ही तीस वर्षांनंतरच्या रुपयांतली रक्कम आहे. महागाई सहा टक्के धरली, तर तिचे आजचे मोल वीस लाखांहून थोडे कमीच भरते. ही रक्कम लहान नाही, तथापि ‘कोटी’ या आकड्याने जो भ्रम होतो तो काढून टाकावा. दुसरे असे की दहा टक्के हे दरवर्षी शांतपणे मिळत नाहीत. २००८ मध्ये निर्देशांक निम्म्याहून अधिक पडला, आणि जानेवारी ते मार्च २०२० या काळात एक तृतीयांशाहून अधिक. ज्याच्याकडे अडीअडचणीची रक्कम वेगळी नसते, त्याची नोकरी बहुधा अशाच काळात जाते आणि मग तळाच्या भावाला एसआयपी मोडावी लागते. म्हणून क्रम महत्त्वाचा. सुदामानगरकरांच्या बाबतीत हा क्रम पूर्ण व्हायला पाच वर्षे नव्हे, काही महिनेच लागतील.

चक्रवाढ

काही महिने असतील तर माझी हरकत नाही. तरीही दोन हजारांची का होईना, एसआयपी आत्ताच सुरू करावी, म्हणजे पहिली पडझड लहान रकमेवर पाहून होईल.

निवृत्त लेखापाल

हे मान्य.

रामबागची लेक

मी इंदूरची, गेली काही वर्षे पुण्यात आहे. लेखापाल काकांनी ‘परत फिरता न येणाऱ्या गोष्टी’ असे जे म्हटले आहे, त्याला माझ्या बाजूने पुष्टी देते. माझ्या पहिल्या नोकरीतील वरिष्ठांची वागणूक असह्य झाली, तेव्हा दुसरी नोकरी हातात नसताना मी राजीनामा देऊ शकले, याचे कारण बँकेत सहा महिन्यांचा खर्च मोकळा होता. माझ्याच वयाच्या एका सहकाऱ्याने गावाकडे प्लॉट घेऊन हप्ता लावून घेतला होता. त्याला तेच वातावरण आणखी दोन वर्षे सोसावे लागले. प्लॉटचा भाव या काळात वाढलाही असेल, परंतु ती दोन वर्षे त्या भावात धरलेली नाहीत.

सोन्याविषयी थोडे सांगते, कारण काकूंचे मत पूर्णपणे डावलण्यासारखे नाही. सोने अडचणीला उपयोगी पडते, ते मोडता येते आणि त्यावर तारण कर्जही पटकन मिळते. प्रश्न दागिन्यांचा आहे. सोन्याच्या किमतीवर ३ टक्के जीएसटी, त्यावर घडणावळ, आणि विकताना पुन्हा मोडीतली घट. नाजूक कामाच्या दागिन्यात घडणावळीची रक्कम तर डोळ्यांत भरण्याइतकी असते. काकूंना सोने घ्यायचेच असेल तर हॉलमार्क असलेले वळे किंवा नाणे घ्यावे. दागिना घेतलाच तर १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक झालेला सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) त्यावर आहे ना, ते पाहावे. सरकारी सुवर्णरोखे हा चांगला मार्ग होता, परंतु फेब्रुवारी २०२४ नंतर नवे रोखे निघालेले नाहीत.

आणखी एक मुद्दा, तो विशेषतः येथे वाचणाऱ्या मुलींसाठी. आपल्याकडे मुलीचा पगार ‘लग्नासाठी’ म्हणून वडिलांच्या नावावरच्या ठेवीत जातो, आणि यात कोणाचा वाईट हेतू नसतो. तरीही पहिली बचत स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पॅनवर आणि स्वतःच्या मोबाईल क्रमांकाशी जोडलेली असावी, असा माझा आग्रह आहे. वडिलांचे नाव वारस म्हणून नोंदवावे. खाते मात्र आपलेच हवे.

विजय नगर कट्टा

ऑप्शन्सविषयी अजून कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत वायद्यांत आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात होते आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. या व्यवहारांतील तिशीच्या आतल्यांचे प्रमाण एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेले होते. तुमच्या मित्रांपैकी जो महिन्याला पगाराइतके पैसे काढतो, त्याला वर्षभराचा करविवरणासाठी काढलेला नफा-तोटा दाखवायला सांगा. विषय बहुधा तेथेच संपेल.

इंदूरकरांनी या बाबतीत इतरांपेक्षा अधिक शहाणे असायला हवे. शेअर बाजाराच्या ‘टिप्स’ विकणाऱ्या संस्थांसाठी आपले शहर देशभर कुप्रसिद्ध झाले होते आणि सेबीने येथील अनेक सल्लागार संस्थांविरुद्ध आदेश काढलेले आहेत. माझा एक आतेभाऊ महाविद्यालयात असताना अशाच एका कार्यालयात दूरध्वनीवर बसत असे. समोरच्याने पाच हजारांची सेवा घेतली की महिन्याभरात त्याला पन्नास हजारांच्या सेवेवर चढवायचे, एवढेच त्याचे काम होते. बाजाराविषयी त्याला काहीही ठाऊक नव्हते. नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार निश्चित परताव्याची हमी देऊ शकत नाही. हमीचा उच्चार झाला की फोन ठेवावा.

लोकमान्य नगरचे आजोबा

सर्व तरुण सदस्यांचे वाचले. तुम्ही सर्व जण पैसे मोकळे ठेवा, मोकळे ठेवा असे सांगता आहात. मला मात्र मोकळ्या पैशाची भीती वाटते. खात्यात दिसणारी रक्कम खर्च होते. आधी फोन, मग मोटारसायकल, मग मित्रांबरोबर गोव्याची सहल. आमच्या पिढीने जे काही साठवले ते केवळ काढता येत नव्हते म्हणूनच साठले: भविष्य निर्वाह निधी, टपालाची आवर्ती ठेव आणि वाड्यातली भिशी. तेव्हा मुलाला थोडी तरी सक्तीची बचत हवी. पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) उघडून द्यावे. वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात, व्याज ७.१ टक्के असून त्यावर कर नाही, आणि पंधरा वर्षांनी तो अजून चाळिशीचाच असेल.

निवृत्त लेखापाल

आजोबांचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. बचत टिकवण्याची सवय आणि पैशांची मोकळीक यांत ताण आहे, हे मान्यच करावे लागेल. माझा तोडगा असा की सक्ती रकमेवर नसावी, तारखेवर असावी. पगार जमा होतो त्याच्या दुसऱ्याच दिवशी आवर्ती ठेवीचा हप्ता आणि एसआयपी आपोआप वळती व्हावी, आणि ज्या खात्याला कार्ड व यूपीआय जोडलेले आहे त्यात केवळ महिन्याचा खर्च उरावा. ठेव मोडता येतेच, परंतु मोडण्यासाठी मुद्दाम काहीतरी करावे लागते, आणि तेवढा अडसर बहुतेकांना पुरतो. पीपीएफचे खाते मात्र आत्ताच पाचशे रुपये भरून उघडावे, कारण पंधरा वर्षांचे घड्याळ खाते उघडलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून चालते, मोठी रक्कम भरल्यापासून नव्हे. पुढे उत्पन्न वाढले की त्यात भर टाकता येईल, आणि तोवर मुदतीची बरीच वर्षे सरलेली असतील.

सक्तीच्या बचतीचा एक भाग या मुलाच्या पगारातून आधीच कापला जात आहे, तो म्हणजे ईपीएफ (कर्मचारी भविष्य निर्वाह निधी). २०२४-२५ साठी त्याचा व्याजदर ८.२५ टक्के होता, म्हणजे बँकेच्या ठेवीपेक्षा बराच अधिक. नोकरी बदलताना ही रक्कम काढून घेण्याचा मोह तरुणांना होतो. तसे न करता त्याच यूएएन क्रमांकावर (नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या ईपीएफ क्रमांकावर) ती नव्या नोकरीत वर्ग करून घ्यावी. सलग पाच वर्षांची सेवा होण्यापूर्वी काढल्यास ती सामान्यतः करपात्र ठरते. भिशीविषयी मात्र आजोबांनी क्षमा करावी. वाड्यातल्या सर्वांना एकमेकांचे स्वयंपाकघर ठाऊक होते, म्हणून ती चालली. व्हॉट्सॲपच्या गटावरील भिशीत तसे काही नसते.

लोकमान्य नगरचे आजोबा

क्षमा केली. पीपीएफमध्ये पैसे पाच तारखेच्या आत भरावेत, हेही सांगा त्याला. त्या महिन्याचे व्याज पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर धरतात.

नकाशा आणि नस्ती

माझा व्यवसाय घरांच्या व कॉलन्यांच्या नकाशांशी संबंधित आहे, म्हणून डायरीविषयी लिहिणे कर्तव्य समजतो. बाहेरगावच्या वाचकांना ही पद्धत ठाऊक नसेल. कॉलनीचा नकाशा मंजूर होण्यापूर्वीच, आणि कधी कधी जमीन पूर्णपणे विकत घेण्यापूर्वीही, कॉलनी काढणारा माणूस प्लॉटची ‘बुकिंग’ घेतो. किमतीचा काही भाग रोखीने दिला जातो आणि त्याची नोंद एका छोट्या डायरीत होते: प्लॉट क्रमांक, आकार, भाव, मिळालेली रक्कम. ग्राहकाच्या हाती एवढाच पुरावा असतो. भाव चढत असतात तोवर रजिस्ट्री होण्याआधीच ही डायरी दुसऱ्याला नफ्याने विकता येते, आणि मामांनी बहुधा असेच कोणाचे तरी भाग्य उजळलेले पाहिले असावे. मंजुरी अडली, जमिनीचा वाद निघाला किंवा भाव थांबले, की शेवटची डायरी ज्याच्या हाती असते तो अडकतो, आणि त्याच्याजवळ न्यायालयात उभा राहील असा कागद नसतो.

कायदा याविषयी स्पष्ट आहे. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यानुसार ५०० चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवरील किंवा आठांहून अधिक प्लॉट अथवा सदनिका असलेल्या प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात किंवा बुकिंग करता येत नाही, आणि नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. स्थावर मालमत्तेपोटी २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यासही आयकर कायद्यात मनाई आहे. म्हणजे डायरीचा व्यवहार पहिल्या पानापासूनच नियमाबाहेर असतो. मामांशी वाद घालू नका. रेरा क्रमांक, टीएनसीपीने (नगर व ग्राम नियोजन विभागाने) मंजूर केलेला नकाशा आणि डायव्हर्शनचा (जमिनीचा वापर बदलण्याचा) आदेश, एवढे तीनच कागद नम्रपणे मागा.

सुदामानगरकर

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. पॉलिसीवाल्या काकांना नकार कसा द्यावा, आणि वडिलांच्या निवृत्तीचा या सगळ्याशी काही संबंध जोडावा काय?

रामबागची लेक

दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा फार मोठा आहे, आणि तो कोणाच्याच लक्षात आला नव्हता. बाबांच्या कारखान्याचा सामूहिक आरोग्य विमा निवृत्तीच्या दिवशी बहुधा संपेल. वैयक्तिक आरोग्य विम्यात आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा काळ असू शकतो. आई-बाबांची पॉलिसी आजच घेतली, तर त्यातली दोन वर्षे बाबांच्या नोकरीचे संरक्षण असतानाच निघून जातील. निवृत्तीनंतर घेतली, तर नेमक्या उतारवयात ती वर्षे उघड्यावर काढावी लागतील. अर्ज भरताना मधुमेह, रक्तदाब, जे असेल ते सर्व लिहावे, प्रतिनिधी ‘लिहू नका’ म्हणाला तरी लिहावे. हप्ता तुम्हाला जड वाटेल, तरीही तुमच्या पैशांचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही, एवढा दिलासा आहे. आजींचे वय सत्तर किंवा अधिक असल्यास आधार कार्ड घेऊन त्यांचे आयुष्मान वय वंदना कार्ड काढावे. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण उत्पन्नाची अट न ठेवता मिळते.

पॉलिसीवाल्या काकांना सांगा की विमा हवाच आहे, परंतु आई-बाबांचा आरोग्याचा आणि माझा टर्म (केवळ मृत्यूनंतर रक्कम देणारा विमा). अशा वीस वर्षांच्या पॉलिसीत परतावा साधारण पाच-सहा टक्केच पडतो, आणि विमा रक्कम इतकी लहान असते की आई-बाबांची त्यावर दोन-तीन वर्षेही निघणार नाहीत. काकांना यात कमिशन कमी मिळेल, पण नाते तुटणार नाही.

सुदामानगरकर

आजी ७४ वर्षांच्या आहेत. कार्डाचे या शनिवारीच करतो. बाबांशी काल रात्री बोललो. त्यांच्या कार्यालयातील विमा निवृत्तीनंतर चालू राहत नाही, हे त्यांना ठाऊक होते. हप्ता माझ्यावर पडेल म्हणून ते बोलले नव्हते. कर्जात एक लाख भरण्याऐवजी आता साठ हजारच भरीन आणि उरलेले विम्याच्या हप्त्यासाठी ठेवीन. मामांना रेरा क्रमांक विचारला. ‘नंबर येणारच आहे, पण तेव्हा हा भाव राहणार नाही,’ असे त्यांनी सांगितले.

नकाशा आणि नस्ती

भाव राहणार नाही हे खरे आहे. नंबर आल्यावर किती होईल तो भाव, तोही विचारून ठेवा. दोन्हींतला फरक कळला की मामा तुम्हाला नेमक्या किती रुपयांत ही जोखीम उचलायला सांगत आहेत ते दिसेल.